दुरुस्तीला दिलेली गिटार

1991 ते 1993 अशी सुमारे अडीच वर्षे मी माझ्या वडिलांशी एकच खोटे बोलत राहिले. "अण्णा, गिटार दुरुस्तीला मिरजेला पाठवलीय." प्रत्यक्षात ती मी चारशे रुपयांना विकून टाकली होती.

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. आमच्या ह्यांना वाटत होते की गिटार मी मिरजेला दादाकडे पाठवली आणि दादाला वाटत होते की ती बंगळूरलाच आहे. दोघांची कधी गाठ पडून विषय निघाला नाही, हे माझे नशीब म्हणायचे. शेवटी ती बाहेर काढली माझ्या सतरा वर्षांच्या नातवाने आणि तीही कुणाच्या निमित्ताने, तर बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या! आता कुठे मिरज आणि कुठे मॅकार्टनी!

झाले असे. फेब्रुवारी 2024 मधली संध्याकाळ. आमच्या कोरमंगलाच्या घरात संध्याकाळी मी कॉफी करते आणि नातू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून जगभरच्या बातम्या मला ऐकवतो. तो गिटार शिकतो. त्या दिवशी तो ओरडतच आला, "आजी, सापडली! एक्कावन्न वर्षांनी सापडली!" मला वाटले, कुणाची मुलगीबिलगी सापडली. तर ती निघाली मॅकार्टनीची बास गिटार.

ही गिटार मॅकार्टनीने 1961 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात तीसेक पौंडांना घेतली होती. हॉफनर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची. बीटल्सची सुरुवातीची गाणी तिच्यावरच वाजली. 10 ऑक्टोबर 1972 च्या रात्री लंडनमध्ये नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या गाडीतून ती चोरीला गेली. चोराने ती काय केली असेल? जवळच्याच एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाला विकली. किंमत, थोडेसे पौंड आणि फुकट बिअर! पुढे ती त्याच कुटुंबात वारशाने फिरत फिरत समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावी एका साध्या घराच्या माळ्यावर जाऊन पडली. 2023 मध्ये हॉफनर कंपनीतला एक जुना जाणकार आणि एक पत्रकार जोडपे यांनी मिळून तिच्या शोधाची जाहीर हाक दिली. लोकांनी आपापल्या आठवणी कळवल्या, धाग्याला धागा जुळत गेला आणि माळ्यावरच्या गिटारचा मालक-परिवार स्वतःच पुढे आला. त्याच वर्षाअखेर गिटार मॅकार्टनीच्या हाती परत गेली. मोडकळीला आली होती, पण दुरुस्त झाली. 19 डिसेंबर 2024 ला लंडनच्या कार्यक्रमात म्हाताऱ्या मॅकार्टनीने ती पुन्हा रंगमंचावर वाजवली.

"पण ती तीच कशावरून?" मी विचारले. इतकी वर्षे संसार केलेल्या बाईला आधी हाच प्रश्न सुचणार.

"खुणा, आजी, खुणा. 1964 मध्ये तिची डागडुजी झाली होती, नव्याने रंग दिला होता. जुने फोटो ठेवून एकेक खूण ताडून बघतात."

मग त्याने मला दुसरी एक गोष्ट सांगितली, ती तर मला जास्तच आवडली. कॅनडातला रँडी बाखमन नावाचा वादक. पोरवयात लोकांच्या अंगणातले गवत कापून, पैसे साठवून त्याने 1957 च्या बनावटीची ग्रेच कंपनीची नारिंगी गिटार घेतली. तिला एवढा जपायचा की हॉटेलात उतरला की साखळीने न्हाणीघरातल्या कमोडला बांधून ठेवायचा! तरी 1976 मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलातून ती गेलीच. 2020 मध्ये त्याच्या एका चाहत्याने घरबसल्या संगणकावर जगभरच्या दुकानांतले, कार्यक्रमांतले हजारो फोटो जुन्या फोटोशी ताडून पाहिले. लाकडात एका कडेला छोटीशी काळी गाठ होती. तेवढ्या गाठीवरून गिटार सापडली ती थेट टोकियोत, एका जपानी वादकाकडे. त्या भल्या माणसाने ती रीतसर दुकानातून विकत घेतलेली. बाखमनने तशीच, त्याच आठवड्यात बनलेली दुसरी गिटार शोधून त्याला दिली आणि 1 जुलै 2022 रोजी टोकियोत अदलाबदल झाली.

"लाकडाच्या रेषा म्हणजे बोटांचे ठसेच, आजी. दोन फळ्या कधी सारख्या नसतात."

मी गॅस बंद केला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आपल्या गिटारवर तर पान होतं. हस्तिदंती रंगाचं."

"आपली? आपल्या घरात गिटार होती? कुणाची?"

त्याच्या त्या प्रश्नाने मी गप्पच झाले. पोरगा चार वर्षे गिटार शिकतोय, बोटांना घट्टे पडलेत, आणि आपले पणजोबा गिटार वाजवत होते हे त्याला कुणी सांगितले नव्हते! सांगणार कोण? मीच ना? आणि सांगायला गेले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग ती कुठे आहे? तो प्रश्न येऊ नये म्हणून मी गिटारबरोबर अण्णांचे सगळे वाजवणेच घरातून पुसून टाकले होते. खोटे बोलण्याचा हिशेब असा चुकवावा लागतो, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

अण्णा मिरजेला रेल्वेत कारकून. मिरज म्हणजे गाण्याचे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज आणि सतारमेकरांची मिरज. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हत्यारे घडवणारी घराणी इथे सतारी-तंबोरे दुरुस्त करू लागली आणि बघता बघता देशभरच्या गवयांचे तंबोरे याच गल्लीतून जाऊ लागले. पंढरपूरकडचा भोपळा, मिरजेचा हात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळाले. अशा गावात अण्णांना नाद लागला तो मात्र हवाईयन गिटारचा! गल्लीत सगळे हसायचे.

आजच्या मुलांना ही गिटार माहीत नसते. ती छातीशी धरायची नाही, मांडीवर आडवी ठेवायची. तारा उंचावर ताणलेल्या असतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी घेऊन ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. सूर तुटत नाही, पाण्यासारखा वाहतो, म्हणून आपल्या मींडेला ती जवळची. हे वाद्य आले हवाई बेटांवरून. 1940 च्या सुमारास ताऊ मो नावाचे तिकडचे वादक कुटुंबासह कलकत्त्यात मुक्कामाला होते. पुढे बंगालमध्ये तर ती घरोघरी शिरली. व्हॅन शिपली यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या आम्ही लहानपणी रेडिओवर ऐकत असू. आणि 1967 मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' वाजवली, तेव्हा अण्णा महिनाभर जमिनीवर नव्हते. "बघ, आता हसतील का?" असे आईला दहादा म्हणाले असतील.

अण्णांची गिटार कलकत्ता बनावटीची. 1962 मध्ये मनीऑर्डर करून मागवलेली. मी पाच वर्षांची होते. खोक्यातला पेंढा आम्ही भावंडांनी घरभर केला होता, तेवढे आठवते. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन, देवापुढे निरांजन लावून अण्णा सतरंजीवर बसत. नाट्यपदे वाजवत. गणपतीत मेळ्याला साथ करत. प्रसिद्ध वगैरे काही झाले नाहीत. गल्लीत मात्र 'गिटारवाले अण्णा' म्हणूनच ओळख.

1973 च्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या दिवसांत, लाकूड वाळून गिटारच्या पुढच्या फळीला बोटभर चीर गेली. अण्णा ती सतारमेकरांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग चीर आतून सांधली आणि वरून दिसू नये म्हणून तंबोऱ्यावर लावतात तसे सेल्युलॉइडचे कोरीव पान बसवून दिले. देठ पुलाकडे, टोक गोल भोकाकडे. गिटारवर तंबोऱ्याचे पान! अण्णांना ते इतके आवडले की आलेल्यागेलेल्याला दाखवत.

आई गेल्यावर, 1989 मध्ये, मी अण्णांना बंगळूरला घेऊन आले. तेव्हाचे कोरमंगला आजच्यासारखे नव्हते. अर्धे प्लॉट रिकामे, पावसाळ्यात बेडूक ओरडायचे आणि रात्री आठनंतर रिक्षावाला यायला कुरकुर करायचा. आमचे घर दोन खोल्यांचे. अण्णा ट्रंक आणि गिटार एवढेच घेऊन आले. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला. कांडीचा हात.

गिटार कपाटावर चढली. त्यानंतरचे वर्ष मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. औषधे, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंचे पैसे, जून महिन्यात मुलाची फी, पुस्तके, रेनकोट. शेजारी वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची मुले भाड्याने राहत. त्यांतला एक विचारत आला, "आंटी, गिटार देणार का?" मी पान दाखवले नाही, चीर सांगितली नाही, किंमतही तोच बोलला. चारशे. त्याला उभी धरून वाजवायची होती, म्हणून कांडी नको म्हणाला. अण्णा आत झोपले होते. मी पैसे डाळीच्या डब्यात ठेवले.

दोन महिन्यांनी अण्णांनी कपाटाकडे बघून विचारले, "गिटार कुठाय गं?" जीभ जड झालेली, पण शब्द स्पष्ट. मी म्हटले, "दुरुस्तीला मिरजेला पाठवलीय, अण्णा. तारा गंजल्या होत्या." त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटले, बरे झाले खोटे बोलले. मग मात्र दादाचे पत्र आले की विचारायचे, "सतारमेकरांचं काही?" मी म्हणायचे, "कामं फार आहेत त्यांच्याकडे." ते मान हलवायचे. "चांगल्या कामाला वेळ लागतो." डिसेंबर 1993 मध्ये ते गेले. शेवटच्या महिन्यात त्यांनी विचारणे सोडून दिले होते. त्यांना कळले होते का, याचा विचार मी आजही रात्री करते.

हे सगळे मी त्या संध्याकाळी नातवाला सांगितले. कॉफी निवून गेली. मला वाटले, पोरगा मला काहीतरी बोलेल. तो उठला, वही घेऊन आला आणि म्हणाला, "खुणा सांग."

एखादे पार्सल निघाले की ते हुबळीला आहे का होसूरला, हे हल्ली मोबाइलवर कळते. फ्लिपकार्टसारखी कंपनी 2007 मध्ये सुरू झाली तीच मुळी आमच्या या कोरमंगलात. पण तेहतीस वर्षांपूर्वी आपल्याच घरातून बाहेर पडलेली वस्तू कशी शोधायची? मुलाचे नाव मला आठवेना. घरमालक कधीच घर विकून गेलेले. आज तिथे चार मजली इमारत आणि खाली कॉफीचे दुकान आहे.

पहिली गरज फोटोची. त्यासाठी राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने मिरज गाठली आणि दादापुढे सगळे कबूल केले. दादा पंचाहत्तरीचा. बराच वेळ बोलला नाही. मग माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. 1974 च्या गणपतीतला एक काळा-पांढरा फोटो निघाला. अण्णा मांडी घालून बसलेत, मान खाली, आणि गिटारवर पान स्वच्छ दिसतेय. तो फोटो घेऊन आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. एका वृद्ध कारागिराने भिंग लावून पाहिले आणि हसून म्हणाले, "पान आमच्याच गल्लीतलं. असलं खुळ्यासारखं काम दुसरीकडं कोण करणार?"

परत आल्यावर नातू मला जे. पी. नगरच्या इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स या संग्रहालयात घेऊन गेला. हे संग्रहालय 2019 मध्ये सुरू झाले. देशभरची वाद्ये आहेत, बाहेर बागेत मुलांनी वाजवून बघावीत अशी दगडाधातूची वाद्येही आहेत. तिथे बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई काचेआड ठेवलेली आहे. मी हात जोडले. तेव्हा नातवाने सांगितले की खाँसाहेबांच्या पाच शहनाया वाराणसीत त्यांच्या मुलाच्या घरातून 2016 च्या डिसेंबरात नाहीशा झाल्या होत्या. त्यांतल्या चार चांदीच्या, एक लाकडाची, चांदी मढवलेली. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी छडा लावला तेव्हा लाकडी शहनाई मिळाली. चांदीच्यांची सराफाकडे आटवून लगड झाली होती. विकल्या होत्या सतरा हजारांना.

सतरा हजार! बाकीचे लोक च्च च्च करतील. मी केले नाही. माझे चारशे मला आठवत होते. चांदी निदान वितळते तरी. लाकूड बंबात जाऊ शकते, ही नवीच धास्ती मनात शिरली.

मग आमचे फिरणे सुरू झाले. नातवाने फोटोच्या प्रती काढल्या. त्याच्या क्लासचे मास्तर, दुकाने, जुन्या वस्तूंचे व्यापारी, सगळीकडे दाखवल्या. बहुतेक जण आधी विचारत, "कोण होते हे? कुठल्या सिनेमात वाजवलंय?" कुणी नव्हते म्हटले की फोटो परत देत. खरेच आहे. मॅकार्टनीच्या गिटारचे जगभर फोटो, बाखमनच्या गिटारच्या चित्रफिती. आमच्याकडे एकच फोटो, तोही गणपती उत्सवातला. नातू मात्र हटेना.

जुन्या पेठेतल्या बळेपेटेत वाद्यांची दुकाने आहेत. तिथल्या एका बोळात गिटारी दुरुस्त करणारे सत्तरीचे गृहस्थ भेटले. हातातली तार न सोडताच त्यांनी फोटोकडे नजर टाकली आणि म्हणाले, "अरे, वो पत्तेवाला!"

माझे पाय लटपटले. त्यांनी स्टूल दिले. 1995-96 च्या सुमारास चर्चमध्ये वाजवणारी दोन मुले ती घेऊन आली होती. तारा उंच धरणारी पट्टी काढून ती साध्या गिटारसारखी करून द्या म्हणाली. यांनी करून दिली. पान काढू का, असे विचारले, तर मुले म्हणाली, नको, छान दिसते. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. पट्ट्यांवर बोटांनी झिजल्याच्या खुणा नव्हत्या, पण कांडीचे बारीक आडवे ओरखडे होते. त्यावरून त्यांनी तेव्हाच ओळखले होते की ही कुणीतरी वर्षानुवर्षे मांडीवर वाजवलेली आहे. "अच्छा बजानेवाला था," ते म्हणाले. "ओरखडे सब एक जगह पे, सुर की जगह पे."

हे ऐकायला अण्णा हवे होते.

ती मुले कोण, कुठली, हे त्यांना आठवत नाही. कोलार गोल्ड फिल्ड्सकडची असावीत, असे त्यांना वाटते. खाणी 2001 मध्ये बंद झाल्या आणि तिथली माणसे देशभर पांगली. आम्ही एकदा तिकडेही जाऊन आलो. दोन चर्चमध्ये फोटो देऊन ठेवला आहे. अजून काही कळलेले नाही.

कांडी माझ्याकडे आहे. इतकी वर्षे सुया-दोऱ्यांच्या डब्यात होती. परवा नातवाने आपली गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांखाली पेन्सिलचा तुकडा सरकवून त्या उंच केल्या आणि कांडी फिरवली. आधी मांजर ओरडल्यासारखा आवाज आला. ह्यांनी पेपरातून डोके वर काढले. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र एक सूर सरळ निघाला आणि दुसऱ्या सुरापर्यंत न तुटता गेला. मी पोळ्या लाटायची थांबले.

वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात असेल म्हणून खुणा देते. कलकत्ता बनावट, रंग तपकिरी, कडेला काळसर. पुढच्या फळीवर पुलाच्या उजव्या अंगाला करंगळीएवढे हस्तिदंती रंगाचे कोरीव पान, त्याच्या खाली सांधलेली चीर. मागच्या बाजूला, मानेच्या मुळाशी, खिळ्याने कोरलेले 'मिरज' हे अक्षर, त्यातला 'ज' अर्धवट, कारण तेवढ्यात आईने हाक मारली होती. गिटार परत नको आहे. ज्यांनी घेतली त्यांनी पैसे देऊन घेतली. कुणी वाजवत असेल तर तेवढे कळवा, आणि पत्ता द्या. कांडी पाठवायची आहे.